मधला मळा सात घरांच्या नावे

लिहून ठेवणार : मनुबाई भ्रतार कै. धोंडिराम सिसाळ, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा शेती, राहणार मौजे पिंपरडोह, तालुका तासगाव, जिल्हा सांगली (पूर्वीचा दक्षिण सातारा).

माझ्या पोटात गाठ आहे असे मिरजेच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. मला दिवस, वार, माणसे आणि झालेल्या गोष्टी नीट आठवतात, काहींना वाटते त्याहून जास्त नीट आठवतात. मला कोणी धाक घातलेला नाही, नशापाणी दिलेले नाही, फूस लावलेली नाही. फूस लावायला आलेल्या इसमाचे नाव पुढे येईलच. माझ्यामागे माझ्या मिळकतीवरून तंटा होणार हे मला माहीत आहे, आणि तो कोण करणार हेही माहीत आहे. म्हणून आज हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र मी राजीखुशीने करून ठेवते.

मी तोंडाने सांगत आहे आणि जोतिबा गुंडा माळी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, लिहून घेत आहेत. मास्तर माझी भाषा धुऊन घेतात. काही ठिकाणी मी धुऊ दिलेली नाही. माझे दीर लालासाहेब यांच्या नावामागे ‘श्री.’ लावू नका असे मी मास्तरांना सांगितले. दस्तात लावावे लागते असे ते म्हणाले. म्हणून एकदा लावते : श्री. लालासाहेब बापू सिसाळ, चेअरमन, पिंपरडोह शेतकरी पाणीपुरवठा मंडळी. पुढे लावणार नाही.

कलम १. मिळकत कोठून आली ते.

माझे माहेर व सासर एकाच गावात, मध्ये फक्त ओढा. मी बापाची एकुलती एक. सन १९३८ साली वडिलांनी मला रजिस्टर बक्षीसपत्राने दोन जमिनी दिल्या. एक, कृष्णाकाठची अकरा गुंठ्यांची ‘डोहाची पट्टी’. दुसरी, गावाच्या दक्षिणेचा पावणेतीन एकरांचा ‘मधला मळा’. या दोन्ही माझ्या स्वतःच्या आहेत. सासरच्या वाटणीशी त्यांचा संबंध नाही आणि दिराचा तर त्यांच्या बांधाशीही नाही. याशिवाय कै. पतींच्या वाटणीची साडेचार एकर जिराईत, त्यात निम्मा हिस्सा माझा व निम्मा मुलगी मुक्ताबाईचा. राहते घर, एक म्हैस व भांडीकुंडी.

कलम २. मंडळी कशी झाली ते.

हे मृत्युपत्रात कशाला, असे मास्तरांनी विचारले. कारण डोहाच्या पट्टीवर मंडळीचे पंपघर उभे आहे आणि ते कसे उभे राहिले याचा एक शब्द मंडळीच्या दप्तरात नाही.

आमचे मालक लष्करात गाड्यांच्या कारखान्यात होते. लढाई संपल्यावर गावी आले ते एक लोखंडी पेटी घेऊन, तीत नुसते पाने. त्या काळी कृष्णा गावाखालून वाहायची आणि गाव वर कोरडे असायचे. माघ सरला की आमच्या आळीतली निम्मी माणसे बायकापोरांसह खडी फोडायला जात, ती मृगाला परत येत. मालक घरोघर फिरले. म्हणत, “एकट्यानं इंजिन घ्यायची ऐपत कुनाचीच न्हाई. समद्यांनी मिळून घेतलं तर नदी आपल्या दारात येती.” लोक हसले. पाणी वर चढते हे त्यांनी पाहिलेले नव्हते. तीन वर्षे बोलून शेवटी एकवीस जण तयार झाले. सन १९५५ साली मंडळी रजिस्टर झाली.

पंपघराला जागा पाहिजे होती. नदीकाठच्या एकाही शेतकऱ्याने वीतभर दिली नाही. तेव्हा मालक मला म्हणाले, “तुझी पट्टी हाय.” मी म्हटले, “घ्या.” एवढाच कागद झाला.

मंडळीने वाईट केले असे मी म्हणणार नाही. माझा राग मंडळीवर नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. पाणी आल्यावर दोन वर्षांत खडी फोडायला जाणारी आळी घरी राहिली. मंडळीने भुईमुगाचे बियाणे एकत्र आणले, एक लोखंडी नांगर घेतला आणि तो पाळीपाळीने सगळ्यांच्या रानात फिरला. शालूबाई गुरव हिच्याजवळ दहा गुंठे आणि दोन लेकरे, नवरा परागंदा. तिने त्या दहा गुंठ्यांत मिरची आणि वांगी लावून पलूसचा बाजार धरला. लेकरे शाळेत गेली. एका इंजिनाने एवढे केले.

पोटनियम मालकांनी स्वतः लिहिले. त्यातले दोन मी इथे मुद्दाम सांगते. एक, रान वीस एकर असो की दहा गुंठे, सभासदाचे मत एकच. हे वाचल्यावर लालासाहेब हसले होते. दुसरा, पोटनियम सात : “मंडळीच्या लाभक्षेत्रातील जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर ज्याचे नाव आहे अशा कोणाही सज्ञान इसमाने अर्ज केल्यास त्यास सभासद करून घेण्यास मंडळी बांधील राहील.” भावाभावांत जमीन सामाईक असली तरी प्रत्येकाला सभेत तोंड उघडता यावे, म्हणून मालकांनी तो असा लिहिला.

कलम ३. मालकांचा मृत्यू.

मंडळीचे इंजिन सोपान राघू होवाळ चालवीत. सोपान हे महार पलटणीत होते. सन १९५६ नंतर त्यांच्या वस्तीतल्या सातही घरांनी बौद्ध धर्म घेतला. त्यांच्या जमिनी ओढ्यापलीकडे. पाईप ओढ्याशी येऊन थांबलेला. इंजिन चालवणारा माणूस आणि त्याच्याच रानाला पाणी नाही, हे मालकांना टोचत असे. पंपघरात ते दोघे एका तांब्यातून पाणी पीत. मी मात्र सोपानसाठी ओट्यावर वेगळा पेला ठेवत होते. हे लिहायची गरज नाही असे मास्तर म्हणतात. गरज आहे. माझा हिशेब मागणारे कोणी नाही, म्हणून मीच तो लिहविते.

सन १९६१ च्या पावसाळ्यात मालकांनी कमिटीपुढे ठराव आणला : पाईप ओढ्यापलीकडे न्यावा व सात घरांना सभासद करावे. लालासाहेब तेव्हा उपाध्यक्ष होते. ते सभेतून उठून गेले. मंडळीच्या गोदामाची चावी त्यांच्याकडे असे, तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी चढू लागली. दुपारपर्यंत पाणी पंपघराच्या जोत्याला लागले. इंजिन वर काढायची चेनपुली गोदामात, गोदामाला कुलूप. मालकांनी सोपानला चावी आणायला पाठवले. लालासाहेबांच्या दारात त्याला सांगण्यात आले, “तात्या घरात न्हाईत.” तो हात हलवीत परत आला. मालक म्हणाले, “मग नाडा आन.” आमच्या जुन्या मोटेचा नाडा होता. तो इंजिनाला बांधला, बैल जुंपले. इंजिन उतार चढून जवळजवळ काठावर आले आणि नाडा तुटला. इंजिन मागे घसरले. मागे मालक होते. पंपघराची भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये सापडले. सोपानने खांदा लावून ते एकट्याने रेटले. त्याचा डावा खांदा तेव्हापासून वर होत नाही.

मालक आठ दिवस जगले. सहाव्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी विचारले, “इंजिन पुसून सुकवलं का?” मी म्हटले, “सोपानानं सुकवलं.” “बरं केलं,” म्हणाले. माझ्याशी बोललेले ते शेवटचे.

लालासाहेब त्या दिवशी कोठे होते हे मला चार वर्षे माहीत नव्हते. माझी जाऊ लक्ष्मीबाई, म्हणजे लालासाहेबांचीच बायको, हिने मला दोन वर्षांमागे ओढ्यावर धुणे धुताना सांगितले. ते घरातच होते. माजघरात आडवे झाले होते. चावी खुंटीला होती. सोपानचा आवाज ऐकून तेच बायकोला म्हणाले, “घरात न्हाई म्हनून सांग. ज्याला पायजे त्यानं सोता यावं.”

तिच्या जिवाला घोर नको म्हणून हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. परवा तीच घरी आली. म्हणाली, “लिवा आक्का. माझ्या नावानं लिवा. माझ्याच तोंडानं मी न्हाई म्हनाले हुते, ते माझ्या घशात अडकलंय.” म्हणून लिहिले.

मी खोटे बोलणार नाही. त्या माणसाला भाऊ मारायचा नव्हता. त्याला भावाला आपल्या दारात उभा करायचा होता. पण भाऊ मेला, आणि त्यानंतर तो चेअरमन झाला, आणि मालकांचा फोटो त्याने स्वतःच्या हाताने हार घालून ऑफिसात लावला. यासाठी माझ्याकडे क्षमा नाही. मरताना क्षमा करावी असे कीर्तनकार सांगतात. त्यांच्या घरचे इंजिन घसरलेले नाही.

कलम ४. त्यानंतर माझे काय केले ते.

मालकांचा मंडळीतला भाग मला न विचारता लालासाहेबांनी ‘कुटुंबाचे कर्ते’ म्हणून स्वतःच्या नावे केला. सोपानला इंजिनावरून काढले. मधल्या मळ्याची पाण्याची पाळी आठवड्यावरून पंधरवड्यावर नेली. मी वार्षिक सभेला गेले व पुरुषांच्या मागे जाऊन बसले. लालासाहेब खुर्चीवरून म्हणाले, “वैनी, ही बायकांची सभा न्हवं. हळदी-कुंकू फुडच्या म्हयन्यात हाय.”

सगळे हसले. मी म्हणाले, “माझ्या जागंवर पंप बसवताना मी बाई हाय ते कुनाला दिसलं न्हाई व्हय?”

लालासाहेबांनी सभा तहकूब केली.

त्यानंतर मी जे केले त्यात माझा दोष आहे, तो मी कबूल करते. सन १९६४ च्या चैत्रात मी पंपघराच्या वाटेवर बाभळीचे फेस, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, टाकले आणि तिथे जाऊन बसले. जागा माझी, काटे माझे. नऊ दिवस इंजिन बंद राहिले. लालासाहेब एकदाही आले नाहीत. त्यांच्या मळ्यात स्वतःची विहीर आहे.

नवव्या दिवशी शालूबाई गुरव आली. तिच्या ओच्यात वाळलेली मिरचीची रोपे होती. ती तिने माझ्यापुढे टाकली.

“मनुबाय, हे बघ.”

मी म्हटले, “मी तुज्यावर न्हाई बसले, शालू.”

“ठाव हाय कुनावर बसलीस. पन त्येचा ऊस हिरवागार हाय. मरतंय कोन ते बघ की.”

ती रडली नाही, भांडली नाही. तशीच उभी राहिली. मी उठले आणि काटे हातांनी ओढून काढले. आमचे मालक ज्यांच्यासाठी मेले त्यांचेच पाणी मी तोडले होते. एका माणसाशी वैर धरून मी बाकी साऱ्या सभासदांचे रान वाळवले. पुढे त्याच शालूबाईने मला दर उन्हाळ्यात मिरची आणून दिली, पण त्या वर्षीचा तिचा बाजार बुडाला तो बुडालाच.

मी काटे काढीत होते तेव्हा लालासाहेब वाटेवर उभे होते. म्हणाले, “झालं का नाक घासून?”

मंडळीतला भाग परत माझ्या नावावर व्हायला आणखी दोन वर्षे गेली. सांगलीच्या कचेरीत मी आणि मास्तर इतक्या वेळा गेलो की शेवटी शिपाई आम्हाला बसायला बाक पुसून देई. तिथे वाट बघताना मास्तर मला पोटनियम मोठ्याने वाचून दाखवीत. मला ते पाठ झाले.

कलम ५. फूस लावायला आलेला इसम.

माझ्या आजाराची बातमी गावात लागल्यावर, यंदाच्या दसऱ्याला, लालासाहेब सोने द्यायला आले. तीन वर्षांनी उंबरा ओलांडला. सोबत लिहून आणलेला स्टँप होता, डोहाची पट्टी त्यांच्या नावे खरेदी दिल्याचा.

“वैनी, तुमी आता आराम करा. पट्टीचा कागद एकदाचा झाला म्हंजे मंडळीला निर्धास्त. तुमच्या दवापाण्याचं आमी बघतो.”

मी म्हटले, “मंडळीला निर्धास्त, तर मग कागद मंडळीच्या नावानं का न्हाई?”

त्यांनी स्टँप माझ्यापुढे सरकवला. मी म्हटले, “बरं, ते ऱ्हाऊ द्या. आधी सात घरांचा ठराव करून आना, मग सही मागा.”

तेव्हा ते जे बोलले ते त्यांच्या पोटातले होते, म्हणून जसेच्या तसे लिहवून घेते. म्हणाले, “वैनी, तुमी येड्या का खुळ्या? त्यांच्या रानाला पानी गेलं तर आपल्या रानात भांगलायला कोन येईल?”

इतकी वर्षे मला वाटत होते की विटाळाचे भांडण आहे. पाईप कमी पडतो, इंजिनाला ताकद नाही, ओढ्यावरचा खर्च झेपत नाही, अशी कारणे सभेत सांगत. खरे कारण हे. पाणी पोचले की मजूर जातो. आमच्या मालकांनी जी मंडळी माणसे गावात राहावीत म्हणून काढली, तीच आता सात घरांना गरीब ठेवायच्या कामाला लावली आहे.

मी त्यांना सोने परत दिले आणि जा म्हणाले.

कलम ६. डोहाची पट्टी.

ही मी आधी सोपान होवाळ यांना देणार होते. पंपघराखालची जमीनच त्यांच्या नावे झाली की चेअरमन त्यांच्या दारात उभा राहील, असा माझा बेत होता. सोपानला बोलावून सांगितले. ओट्यावर बसवले नाही, घरात बसवले. 

तो म्हणाला, “आक्का, हे नगं. उद्या इंजिन कशानंबी बंद पडलं तर समदं गाव आमच्या वस्तीवर येईल. तवा तुमी नसनार.”

“मग मी देऊ तरी काय?”

“आमाला कुनाचं पानी तोडायचं न्हाई. आमाला सभेत बसायचं हाय.”

माझा राग त्याच्या हातात हत्यार म्हणून द्यायला निघाले होते. तो शहाणा निघाला.

म्हणून डोहाची पट्टी मी माझी मुलगी मुक्ताबाई, राहणार मेढा, हिला देते. आजवर जे तोंडी होते ते आता लेखी करते : पंपघर आहे तिथेच राहील, मंडळी सर्व सभासदांना सारखे पाणी देत आहे तोवर ते कोणी हलवू नये, मुक्ताबाईनेही हलवू नये. मात्र पट्टी विकत किंवा गहाण मागायला कोणी आल्यास त्याने घाट चढून मेढ्याला जावे.

मुक्ताबाई दिवाळीला आली तेव्हा तिला सगळे सांगितले. मधल्या मळ्याचे पुढचे कलम ऐकून ती चिडली. म्हणाली, “आजोबांची जमीन बाहेर देतीस? माझी सासू काय म्हनंल? लोक तोंडात शेन घालतील.” जेवली नाही. मी समजूत घातली नाही. सकाळी गाडीला जायच्या वेळी पिशवी उचलून म्हणाली, “पंपाची पट्टी माझ्याच नावावर कर. तात्या मेढ्याला आला तर उंबऱ्याबाहेर उभा ठेवीन, आनि आत बसून सांगीन, घरात कुनी न्हाई.” तिला ती गोष्ट मी आदल्या दिवशीच सांगितली होती. मळ्याबद्दल ती शेवटपर्यंत हो म्हणाली नाही. तिने हो म्हणावे अशी या दस्तात अट नाही.

कलम ७. मधला मळा.

सन १९६३ मध्ये लालासाहेबांनी आपले तीन मुलगे मंडळीचे सभासद करून घेतले. मी विचारले, “पोरांच्या नावावर जमीन कुठली?” म्हणाले, “सामाईक सातबारा हाय. पोटनियम सात वाचा, तुमच्याच मालकानं लिवलाय.” त्याच रीतीने त्यांनी दोन चुलत पुतणेही घेतले. कमिटीने मंजूर केले, इतिवृत्तात नोंद आहे, पान मास्तरांनी उतरवून घेतले आहे.

तेव्हा मी, मनुबाई, माझा मधला मळा, पावणेतीन एकर, सोपान राघू होवाळ व त्यांच्या वस्तीतील इतर सहा घरांचे कर्ते, अशा सात जणांना सामाईक देते. सातांची नावे सोबतच्या यादीत आहेत. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे जमीन तोडता येत नाही असे वकिलांनी सांगितले. तोडायची नाहीच. सात नावे एका उताऱ्यावर लागावीत एवढेच पाहिजे. मधला मळा लाभक्षेत्राच्या अगदी मध्यावर आहे, त्याच्या बांधावरून मंडळीचा पाट जातो. उताऱ्यावर नावे लागली की सात जणांनी सात अर्ज करावेत. ते अर्ज नामंजूर करायचे तर लालासाहेबांना आधी स्वतःच्या पोरांची नावे काढावी लागतील.

आज मंडळीत एकोणतीस सभासद आहेत. सोळा लालासाहेबांच्या हाताबरोबर हात वर करतात. तेरा करीत नाहीत, त्यात एक मी, माझ्यामागे मुक्ताबाई. सात मिळाले म्हणजे वीस. मला लिहिता वाचता बेताचेच येते, पण वीस सोळापेक्षा जास्त हे कळते. बाकी बाराजणांनी मला वचन दिलेले नाही, मी मागितले नाही. पाईप ओढा ओलांडतो की नाही हे सभेने ठरवावे. मी फक्त जे बाहेर उभे होते त्यांना आत बसवते.

त्या सात घरांनी माझे उपकार मानू नयेत. मळ्यात काय पेरावे हे मी सांगत नाही. वर्षश्राद्धाला कोणी येऊ नये. मी तुम्हाला माझ्या ओट्यावर जे पेले वेगळे ठेवले, त्यांची फेड एका मळ्याने होते असे मी समजत नाही.

माझे दीर म्हणतील की म्हातारीने सूड घेतला. घेतला. पण या खेपेला कोणाची मिरची वाळणार नाही.

कलम ८. बाकीचे.

राहते घर व पतींच्या जिराईतातील माझा निम्मा हिस्सा मुक्ताबाईला.

मालकांची लोखंडी पेटी पान्यांसकट सोपान होवाळ यांना. मंडळीने ती आपली म्हणून दोनदा मागितली. ती मंडळीची नाही.

म्हैस शालूबाई गुरव हिला. ती लाथ मारते, हे शालूला माहीत आहे.

माझ्या चांदीच्या पाटल्या जाऊ लक्ष्मीबाई हिला. नवऱ्याने विचारल्यास तिने त्या मी दिलेल्या आहेत असे सांगावे, लपवू नये.

मंडळीच्या ऑफिसातला मालकांचा फोटो माझा आहे, चौकट मी सांगलीहून आणली होती. लालासाहेब चेअरमन आहेत तोवर तो भिंतीवर नको. मुक्ताबाईने स्वतः जाऊन उतरवून न्यावा. पुढे चेअरमन दुसरा कोणी झाला आणि मंडळीने मागितला, तर तिला वाटल्यास द्यावा.

लालासाहेब बापू सिसाळ यांना मी काही देत नाही. विसरून नव्हे. त्यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. गावात राहून यायचेच असेल तर सगळ्यांच्या मागे चालावे.

कलम ९. अंमलबजावणी.

जोतिबा गुंडा माळी यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. माझ्या तेराव्यानंतर मंडळीची जी पहिली सर्वसाधारण सभा होईल तीत त्यांनी हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उभे राहून वाचावे, कलम तीन गाळू नये. सभेने नको म्हटल्यास बाहेर पिंपळाच्या पारावर वाचावे. उताऱ्यावर नावे लागल्यावर सात अर्ज चेअरमन या नात्याने लालासाहेबांनीच स्वीकारून त्यांची पोच द्यायची आहे, ती मास्तरांनी घेतल्याशिवाय उठू नये.

येथवर सांगितले ते मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवले. एके ठिकाणी त्यांनी ‘मतभेद’ असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, ते मला समजले आहे व मान्य आहे. यापूर्वी मी कोणताही असा दस्त केलेला नाही आणि माझ्या सहीचा दुसरा कोणी दाखवल्यास तो खोटा समजावा. खालील साक्षीदारांदेखत मी सही केली व माझ्यादेखत त्यांनी केली.

मुक्काम पिंपरडोह, तालुका तासगाव, जिल्हा सांगली.
दिनांक १२ नोव्हेंबर १९६७, रविवार.

(सही) मनुबाई धोंडिराम सिसाळ

लेखनिक : (सही) जोतिबा गुंडा माळी, निवृत्त शिक्षक.

साक्षीदार :

१. (सही) आप्पासो बंडू पुदाले, शेतकरी, मंडळीचे सभासद. बाई शुद्धीवर असून बसून सही केली, हे मी समक्ष पाहिले.

२. (सही) बाळासो लालासाहेब सिसाळ, शेतकरी, मंडळीचे सभासद. मजकूर सर्व, कलम तीनसह, वाचून सही केली आहे. मला आईने पाठवले.